दुसऱ्या कडव्यातली घरघर

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा तेच! सकाळी नऊला खालच्या दातांच्या डॉक्टरने दवाखाना उघडला आणि घरघर सुरू. बारीक, एकाच सुरात, श्वास न घेता— घूंऽऽ. त्याच्या कॉम्प्रेसरची. दुसरं काय असणार?

खाली गेले. खुर्चीत एक माणूस आ वासून आडवा. त्याच्या डोक्यावरूनच म्हटलं, "डॉक्टर, ते यंत्र बंद करा." तर म्हणे, "मावशी, बंदच आहे. अजून सुरू कुठे केलंय?" मावशी! माझ्या बहिणीला मूलबाळ नाही. मी मावशी व्हायची कुणाची?

खुर्चीतला माणूस हसला. तोंडात नळी असताना हसला.

पंधरा वर्षं मी रेकॉर्डच्या कारखान्यात ऐकण्याचा पगार घेतला. आणि हा दात उपटणारा मला सांगतो, बंद आहे!

४ नोव्हेंबर, मंगळवार

रेडिओतल्या एका मुलीचा फोन. जुन्या पॉप गायकांवर तेरा भागांची मालिका करते आहे. "त्या काळातली सगळी हिट गाणी तुम्ही जगाच्या आधी ऐकलीत, हो ना?" आवाज स्वच्छ, पण प्रत्येक वाक्य शेवटी विनाकारण वर जातं, जिना चढल्यासारखं. कारखान्याच्या जुन्या हजेरीपटात माझं नाव सापडलं म्हणे.

परवा ये म्हटलं. जगाच्या आधी ऐकली हे खरं. आवडीने ऐकली असं मात्र कुणी समजू नये.

६ नोव्हेंबर, गुरुवार

रेडिओवाली आली. येताच फ्रिज बंद करायला लावला, पंखा बंद, घड्याळ आतल्या खोलीत. बरं वाटलं. कामाची पद्धत कळते. म्हटलं, आता खाली जाऊन तो कॉम्प्रेसरही बंद करून ये. हेडफोन कानाला दाबून, डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "मला नाही काही येत." येईल कसं? बारा तास कानांत बोंडं घालून फिरतात!

तिला आठवणी हव्या होत्या. सोनेरी दिवस वगैरे. म्हटलं, सोनेरी काही नव्हतं. रेकॉर्ड काळी असते.

सगळं नीट समजावून दिलं. गाणं छापायला घेण्याआधी कारखाना दोनच नमुना तबकड्या काढायचा. एक गायकाच्या घरी, एक माझ्याकडे. भिंतींना जाड नमदा ठोकलेली खोली, दार बंद, कानांवर वीटभर वजनाचे हेडफोन. समोर कार्ड. लिहायला चारच शब्द— टिक, खरखर, उडी, घरघर. टिक आणि खरखर कुणालाही कळतात, उडी तर बहिऱ्यालाही कळेल. घरघर म्हणजे खालच्या सुरातली यंत्राची घूं; ती भल्याभल्यांच्या कानांतून निसटते. शेवटी शिक्का. पास की नापास. नापास झाली की साचा भंगारात आणि सगळं पहिल्यापासून. तोंडावर मला 'बाई' म्हणत. पाठीमागे 'नापासबाई'. ठाऊक होतं मला. कान होते ना!

मग गायकांचं विचारलं. म्हटलं, घे लिहून. मखमली— ज्याचे फोटो मुली वहीत ठेवायच्या— त्याच्या शिडीच्या गाण्यात शेवटच्या ओळीआधी ड्रमवाल्याची खुर्ची करकरते. मी दोनदा परत पाठवली. तिसऱ्यांदा साहेब हात जोडून आले, तेव्हा पास केली. आज लोक म्हणतात, काय तो शिडीचा आवाज, काय कल्पकता! पांढऱ्या बुटांचा— त्याचं छत्रीचं गाणं इतकं खपलं की साचा झिजला. शेवटच्या हजारभर रेकॉर्डींत तो पडसं झाल्यासारखा गातो. लोकांनी त्याच मिटक्या मारत ऐकल्या. आणि त्या जुळ्या बहिणी, ज्यांच्यासारखे केस कापायची साथ आली होती— त्यांतली एकच गात होती. दोनदा. दोन्ही आवाज एकाच जागी श्वास घेतात, त्यालाही कान लागतात.

रेडिओवाली म्हणाली, "म्हणजे तुम्हाला गाणी चुकांवरून आठवतात?"

मग कशावरून आठवायची? बरोबर तर सगळीच असतात.

कंपनीचा डॉक्टर दर जानेवारीला सगळ्यांचे कान तपासायचा. माझ्यापर्यंत आला की हसून पुढे जायचा, "बाई, तुमचे काय तपासायचे! तुम्हीच माझे तपासा." हे मी सांगितलं तेव्हा रेडिओवाली खूश झाली. "हे ठेवूया." ठेव म्हटलं.

आणि मग, कागद चाळता चाळता, सहज विचारल्यासारखं— "निळ्या स्वेटरचं गाणं आधी तुमच्या धाकट्या बहिणीने म्हटलं होतं ना?"

मी उठून फ्रिज सुरू केला. गेली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

काही लिहायचं नाही. राग आला की अक्षर बिघडतं.

९ नोव्हेंबर, रविवार

समोरच्या इमारतीत कुणाचा तरी वाढदिवस. दुपारभर जुनी गाणी. शिडी झाली, छत्री झाली, आणि मग व्हायचं तेच— निळा स्वेटर. सगळ्या बायका गच्चीत उभ्या राहून गायला लागल्या. दुसऱ्या कडव्याचे शब्द एकीलाही धड येत नाहीत, पण गळा काढून! निळा स्वेटर जिच्या आवाजात गाजला, त्या चष्मेवालीच्या गाण्यात दुसऱ्या कडव्यात ड्रम इतके बडवलेत की शब्द ऐकू आलेच नाहीत कुणाला. त्या दशकातलं सगळ्यांत मोठं हिट. असू दे.

लिहूनच टाकते. कधीतरी लिहायला हवंच होतं.

गाणं धाकटीचं होतं. संगीतकाराने तिच्यासाठी बांधलं, तिने म्हटलं, आमच्याच कारखान्यात नमुना निघाला. ती तेवीस वर्षांची, मी अठ्ठावीस. आईने आमची वाटणी लहानपणीच करून टाकली होती— "हिला कान, तिला गळा." त्याबद्दल मी कधी कुरकुर केली नाही. गळा दोन वर्षांत बसतो. कान राहतो, असं मला वाटायचं.

तिच्या निळ्या स्वेटरमध्ये दुसरं कडवं नुसत्या आवाजावर होतं. ड्रम नाही, गिटार नाही. सगळी वाद्यं थांबतात आणि ती एकटी गाते, चार ओळी. त्या काळात कुणाची छाती नव्हती असं करायची. मी खोलीत ऐकायला बसले. पहिलं कडवं स्वच्छ. दुसरं आलं, वाद्यं थांबली— आणि खाली घरघर. बारीक, एकसुरी. पुन्हा लावली. घरघर. हेडफोन बदलले. घरघर. सुई बदलली. घरघर!

सख्खी बहीण आहे म्हणून पास करायची? मग उद्या मखमलीची खुर्ची कुठल्या तोंडाने परत पाठवणार? कार्डावर लिहिलं— बाजू पहिली, दुसरं कडवं, घरघर. नापास.

नियमाप्रमाणे दुसऱ्या तपासनीसाने ऐकायला हवी. ती बाळंतपणाच्या रजेवर. साहेबांनी न ऐकताच सही केली. "बाई, तुमच्या कानापुढे आमचे कान म्हणजे कानातले डूल." हसले. मीही हसले असेन.

धाकटीने तिची प्रत संगीतकाराच्या घरी ऐकली होती. कारखान्यात आली, सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, माझ्या प्रतीत घरघर नाही." मी म्हटलं, "त्यांचा ग्रामोफोन म्हणजे खेळणं आहे. त्यावर आगगाडीसुद्धा ऐकू येणार नाही." तिथेच तिने स्वतःची प्रत टेबलाच्या कडेवर आपटून मोडली.

नवा साचा व्हायला तीन आठवडे. संगीतकाराला हंगाम गाठायचा होता. तो चाल घेऊन दुसऱ्या कंपनीत गेला. तिथे चष्मेवालीने म्हटलं, ड्रम घालून. पुढचं सगळ्या गच्च्यांना माहीत आहे. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ती ही.

धाकटीला पुन्हा कुणी बोलावलं नाही. पस्तीस वर्षं शाळेत मुलींकडून प्रार्थना म्हणवून घेतल्या. आई गेली त्या वेळेला भेटलो तेव्हा मी विचारलं, "चहा घेणार?" ती म्हणाली, "नको." झालं. त्याला चौदा वर्षं झाली.

घरघर होती. मी ऐकली.

१० नोव्हेंबर, सोमवार

रेडिओवालीने फोनवर एक तुकडा पाठवला. "तुमची बाजू हवी म्हणून पाठवते." धाकटीचा आवाज! म्हातारा झालाय, पण जागेवर आहे. तिच्याकडे ही पोरगी आधीच जाऊन आली होती तर! आणि माझ्यासमोर कागद चाळत सहज विचारल्याचं सोंग!

धाकटी म्हणते— "ताईने खोटं लिहिलं. तिला काहीही ऐकू आलं नव्हतं. घरघर नव्हतीच. तिला मी गायलेलं बघवलं नाही, एवढंच. मी आता रागावलेली नाही."

रागावलेली नाही!! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं! मला हेकट म्हणा, खडूस म्हणा, नापासबाई म्हणा. आयुष्यात एका कार्डावर मी खोटं लिहिलेलं नाही. आणि ही बाई उदार मनाने साऱ्या जगासमोर मला माफ करते आहे!

रेडिओवालीला फोन केला. म्हटलं, ती तबकडी माझ्याकडे आहे.



११ नोव्हेंबर, मंगळवार

पलंगाखालची पेटी काढली. तबकडी उशीच्या अभ्र्यात, आत माझं कार्ड. शाई तपकिरी झालीय, पण "नापास" ठसठशीत.

नापास नमुन्यावर खिळ्याने आडवी रेघ मारून वितळवायच्या खोक्यात टाकायचा, हा नियम. पंधरा वर्षांत हा एकच मी मोडला. खिळा हातात घेतला होता. मारवला नाही. पोटाशी धरून, वर शाल घेऊन बाहेर पडले. पहारेकऱ्याने विचारलं, "बाई, बरं नाही का?" म्हटलं, "पोटात दुखतंय." हे मात्र खोटं बोलले.

त्यानंतर एकदाही लावली नाही. दोष ठाऊक असलेली रेकॉर्ड कशाला लावायची?

रेडिओवालीशी ठरलं. अट माझी— आधी दुसरं कडवं पूर्ण वाजवायचं, मग माझं कार्ड वाचायचं, आणि मग धाकटीचा तो तुकडा. ऐकू दे सगळ्यांना. गच्चीवरच्या बायकांनासुद्धा. आणि तिलाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दंतवैद्य स्वतः वर आला. हातात कॉम्प्रेसरची वायर, प्लगसकट. "मावशी, हे बघा. भिंतीतून उपटून आणली. आता तरी?" आणि तेवढ्यातही घरघर चालूच! म्हटलं, "दुसरा असेल." म्हणाला, "मावशी, माझा दवाखाना दहा बाय बारा आहे. दुसरा ठेवला तर मला पेशंटच्या मांडीवर बसून दात काढावे लागतील."

कामवाली हसून हसून वाकली. तिला विचारलं, तुला ऐकू येते का? "मला तर तुमचाच आवाज येतो, ताई." उद्धट!

जाताना जिन्यात थांबून, जरा हळू आवाजात म्हणाला, "राग मानू नका. एकदा कान दाखवून घ्या. माझा मित्र आहे."

माझे कान! कंपनीच्या डॉक्टरची हिंमत झाली नव्हती. दार जोरात लावलं. नाचता येईना अंगण वाकडं! तुम्हाला ऐकू येत नाही, तर माझे कान बिघडले?

१६ नोव्हेंबर, रविवार

दंतवैद्य गावाला. दवाखान्याला कुलूप.

घरघर आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पाण्याचा पंप असणार. सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठलं. म्हणे, पंप शनिवारपासून दुरुस्तीला गेलाय, म्हणून तर टँकर येतोय, तुम्हीच काल टँकरवाल्याला ओरडलात. खरं आहे, ओरडले होते.

घराचा मेन स्विच बंद करून भरदुपारी तासभर बसले. मग विजेच्या तारा असतील रस्त्यावरच्या. तक्रारअर्ज लिहिला. दोन पानं. सकाळी टाकीन.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अर्ज टाकला नाही. उद्या स्टुडिओ. निळ्या काठाची साडी काढून ठेवली. पुरावा द्यायला जाताना माणसाने नीटनेटकं असावं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

जमेल तसं, क्रमाने लिहिते.

स्टुडिओतला तंत्रज्ञ पन्नाशीचा, टकलू, कमी बोलणारा. तबकडी कडेला धरूनच घेतली, मधल्या भागाला बोट लागू दिलं नाही. मऊ ब्रशने, पाण्याने धुतली, बाळाला घालावी तशी आंघोळ. मला माणूस आवडला. कार्ड बघून म्हणाला, "अक्षर काय आहे हो!" रेडिओवाली कोपऱ्यात बसून सगळं टिपून घेत होती.

आतल्या खोलीत नेलं. दार हातभर जाड. ते लागलं आणि मी म्हटलं, "इथे घरघर आहे. आधी ती बंद करा. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, रेकॉर्डमधली नाही, तुमच्या खोलीतली."

"कुठली घरघर?"

"ही! ही काय!"

त्याने आवाज मोजायच्या यंत्राचा काटा बघितला. मग माझ्याकडे. "बाई, या इमारतीतली ही सगळ्यांत शांत खोली आहे. इथे लोकांना स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येतात. घाबरून बाहेर पळतात काही जण."

म्हटलं, "मग तुमचा काटा बिघडलाय."

त्याने सुई ठेवली.

आधी थोडी करकर. मग ड्रम. मग ती.

तेवीस वर्षांची. लहानपणी आंघोळीच्या खोलीत दार लावून गायची आणि मी बाहेरून टकटक करायचे, "आटप, मला कॉलेज आहे!"— तोच आवाज. चव्वेचाळीस वर्षं पलंगाखाली होता. माझ्याच पलंगाखाली.

पहिलं कडवं स्वच्छ. दुसरं आलं. ड्रम थांबले, गिटार थांबली. ती एकटी. आणि खाली— आली! मी बोट वर केलं, कारखान्यात करायचे तसं. "ही बघा. ऐका. ही!"

रेडिओवालीने तंत्रज्ञाकडे बघितलं. त्याने मागे नेऊन पुन्हा लावली. माझं बोट पुन्हा वर. तिसऱ्यांदा लावली. मग पडदा माझ्याकडे वळवला. पडद्यावर आवाजाचं चित्र दिसतं— वरच्या सुरांना वर जागा, खालच्यांना खाली. मी पदार्थविज्ञानाची पदवीधर आहे, मला शिकवावं लागलं नाही. वर धाकटीचा आवाज, पिवळ्या रेषांचा. खाली, जिथे घरघर दिसायला हवी, तिथे काळं. नुसतं काळं. विहिरीत बघावं तसं.

मी म्हटलं, "पडदा दाखवत नसेल."

त्याने मग जे केलं ते त्याच्या जागी मीही केलं असतं. सुई उचलली. तबकडी थांबवली. यंत्राची वायर काढली, पडदा बंद केला, दिवासुद्धा बंद केला. अंधारात हळूच म्हणाला, "बाई, आता?"

आता होती. तीच. त्याच सुरात.

किती वेळ गेला कोण जाणे. रेडिओवालीने दिवा लावला तेव्हा माझं बोट अजून वरच होतं.

तिला म्हटलं, "बाहेर जा. आणि रेकॉर्डिंग चालू असेल तर पुसू नकोस."

२० नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर विचार. विचार कसला, चडफड!

बाकी सगळ्या गाण्यांत ड्रम होते. त्या बडवाबडवीत घरघर कुठून ऐकू येणार? हिच्याच गाण्यात शांतता होती. सगळ्या कारखान्यात एकटी हीच शांत गायली, आणि तिथेच मी—

नाही, एकटी हीच नव्हती; घरघरीसाठी पंधरा वर्षांत मी चार तबकड्या नापास केल्या. आज आठवून काढल्या. एक धाकटीची. एक बासरीवाल्याची. एक त्या बुटक्या पेटीवाल्याची, जो पुन्हा कधी दिसला नाही. एक अंगाईगीत, गायिका पहिलटकरीण होती. चारही संथ. चारही शांत. मला तेव्हा वाटायचं, संथ गाण्यांत लोक हलगर्जीपणा करतात.

नोकरीची पहिली दोन वर्षं, ऐकायला बसण्याआधी, मी रेकॉर्ड छापायच्या शेडमध्ये होते, दाबयंत्रांच्या मध्ये. बाकीच्या कानांत कापूस घालायच्या. मी नाही. कापूस घालून काम शिकता येतं का? किती मिजास!

आणि ते सगळे! साहेब, न ऐकता सही करणारे. डॉक्टर, हसून पुढे जाणारा. एकानेही म्हणू नये, बाई, जरा बसा, तुमचेही कान बघू? पण त्यांच्यावर ओरडून काय? तेही हसले, मीही हसले. धाकटी एकटी उभी राहून सांगत होती, घरघर नाही. आणि मी तिला आगगाडी ऐकवली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दंतवैद्य परत आलाय. खाली गेले. खुर्चीत कुणीतरी आ वासून होतंच. असू दे साक्षीदार. म्हटलं, "डॉक्टर, तुमचा कॉम्प्रेसर निर्दोष आहे. मी माफी मागते." तो म्हणाला, "मावशी, बसा हो आधी." बसले. मावशी म्हणाला ते राहू दिलं.

त्याच्या मित्राकडे त्यानेच नेलं. कानांचा डॉक्टर तरुण, चटपटीत. आलेख काढला. "जुनं नुकसान आहे. आता वाढलंय म्हणून जाणवतंय. आधी मोठ्या आवाजाखाली झाकलं जात असणार."

"किती जुनं?"

"ते नाही सांगता येत."

"चव्वेचाळीस वर्षं?"

त्याला वाटलं, मी थट्टा करते. मग चेहरा बघून म्हणाला, "असू शकेल."

घरी आल्यावर कार्ड पुढे घेतलं. "नापास" खोडायला लेखणी टेकवली आणि थांबले. नियम असा होता— आपलं कार्ड आपण सुधारायचं नाही. ज्याने चूक पकडली, त्या दुसऱ्या कानाने सुधारायचं आणि सही करायची.

दुसरा कान. तो मी कारखान्याच्या दारातून परत पाठवला होता.

रेडिओवालीला कळवलं— गाणं पूर्ण वाजवा. धाकटीचा तुकडाही. माझं अंधारातलंही ठेवा. फक्त दोन दिवस थांबा.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी धाकटीला फोन लावला. कशी आहेस वगैरे काही नाही. म्हटलं, "तुझं बरोबर होतं. घरघर तबकडीत नव्हती. माझ्या कानात होती. तेव्हापासून आहे. आत्ताही आहे."

नुसता तिचा श्वास. मग, अगदी लहानपणच्या आवाजात—

"म्हणजे ताई, तुला खरंच ऐकू येत होती?"